सायकलवाल्याचा फळा

दिवाडीच्या धक्क्यावर माझं दुकान.
दार उघडं टाकलं की त्याच्या पाठीचा फळा
उतरणाऱ्या माणसांकडे तोंड करतो.
शाळा बंद पडली तेव्हा मास्तरांनी दिलेला;
वरच्या कोपऱ्यात अजून पाढ्याची पांढरी सावली,
सात आठे छप्पन्न.
ती मी कधी पुसली नाही.

आधी फक्त कामाचं लिहायचो.
फेरीबोट बंद, इंजिन बिघडलं.
मानशीचं दार रात्री उघडणार, खाजणात गुरं सोडू नका.
मग एकदा, हात ग्रीसने काळेच असताना,
लिहून गेलो:
आज खंड्याची बुडी दोनदा चुकली,
तिसऱ्यांदा तो नुसता बसून राहिला.
संध्याकाळच्या बोटीची माणसं थांबली. कुणी बोललं नाही.
सकाळी पोदेराने भोंगा वाजवायचा सोडून विचारलं,
"खंड्याचं पुढे काय झालं?"

झालं. रोज चार ओळी.
लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याची सवय लागते
आणि मग हळूच वाट लागते.

कारण पुढे ती बातमी आली.
बोटीवर कुणी म्हणालं, त्याला कुणी सांगितलेलं:
पिएदादनं घर विकलं, बालकांवासकट, दिल्लीच्या माणसाला.
मी लिहिलं. नाव घालून.
वर विनोद: आता तिच्या चिंचेखाली बसायला तिकीट.
अक्षरं मोठी काढली, बोटीतूनच दिसतील अशी.
दिसली. धक्का हसला.

दुपारच्या बोटीने पिएदाद उतरली.
पिशवीतून सुक्या बांगड्याची शेपटी बाहेर.
देवनागरी तिला येत नाही;
शेजारच्या पोराने वाचून दाखवलं,
तिकिटापाशी आला आणि त्याचा आवाज बसला.
तिनं हात पुढे केला. मी खडू दिला.
रोमी अक्षरांत, एकेक ओढत, लिहिलं तिनं:
घर आसा. हांव आसां. विचारूंक जाय आसलें.

ओलं फडकं हाताशी होतं.
एक हात फिरवला असता तर
फळा पुन्हा काळा, मी पुन्हा गोरा.
पण माझा जन्म ट्यूब पाण्यात धरण्यात गेला.
भोक कुठे आहे ते तसंच कळतं,
आणि बुडबुडे येतात ते सगळ्यांदेखत.

माझ्या ओळीवर मी एकच रेघ ओढली,
खालचं वाचता येईल इतकी बारीक.
शेजारी लिहिलं: चूक माझी. ऐकलं, विचारलं नाही. शाबा.
आठ दिवस ठेवलं.
आठ दिवस गिऱ्हाइकं आधी ते वाचत, मग हवा भरत.
आमच्या शाणूनं तर रोज वाचलं, मोठ्यानं.

आता राग आला तर आधी कुणाची तरी चेन साफ करतो.
चेन संपेपर्यंत राग टिकला, तरच खडू.
असा टिकलेला राग आजवर एकच, रस्त्याच्या खड्ड्यावरचा.
परवाची भरतीची ओळ होडीवाल्या गुणाजीची होती,
खाली त्याचं नाव घातलं; शुद्धलेखन तेवढं माझं.
डोळ्यासाठी म्हापशाला गेलो तेव्हा सांगून गेलो:
दोन दिवस फळा कोरा. काळजी नको.
खालचा हातभर भाग लोकांचा, सुतळीला खडू बांधलाय.
शिवी पुसतो. तक्रार ठेवतो.
"शाबा पंपाचे दोन रुपये जास्त घेतो"
हे दिवाळीपासून आहे तिथे.
(घेतो. वॉशर महागलेत.)

पिएदाद शुक्रवारची जाते-येते.
थांबते, पोराकडून वाचून घेते,
माझ्याकडे न बघता चढावर लागते.
तिनं खडू मागितला नाही
की त्या आठवड्यात मी पास.

गेल्या शुक्रवारी मागितला.
पिशवी माझ्याच स्टुलावर टेकवली
आणि लोकांचा भाग सोडून
वर, पाढ्याला खेटून, लिहिलं:
चिंचो पिकल्यात. तिकीट ना.

पुसलं नाहीये.
जागा कमी पडते हल्ली फळ्यावर.
बारीक लिहितो.
वाचायला लोकांना जवळ यावं लागतं.