दाराबाहेर स्वेटर

लोकर हेच आमचं सोनं, हे या बेटांवर
बोलायला लागण्याआधीच कानावर पडतं.
माझ्या बोटांच्या रेघांत मेंढीची चरबी मुरलेली,
ऑक्टोबरात तर पावालाही तिचाच वास.
बार्ताल पोटात होता तेव्हा विणायला घेतला
करड्या-पांढऱ्या नक्षीचा एवढासा स्वेटर.
चार वेळा उसवला. बाही काही जमेना.

अकरा मिनिटं घातला त्याने.

मग गळ्याभोवती लाल पट्टा,
कोपरांच्या खळग्यांत, गुडघ्यांच्या मागे
खाऱ्या वाऱ्याने होडीचा रंग सुटावा तशी कातडी,
आणि रात्री, रडणं संपल्यावरही,
चादरीवर नखांचं खर्र खर्र,
जसं कुणी भिंतीच्या आतून दार शोधतंय.

सोन्याची झाली म्हणून सुरी
कुणी उरी मारून घेत नाही.
कपाटातलं सगळं वरच्या माळ्यावर गेलं.

नणंद रान्वा बरणी घेऊन आली,
समुद्रपक्ष्याचं तेल, तिच्या आजोबांच्या वेळचं.
म्हणाली, दूध तोड, अंडं तोड, बटाटा तोड.
नर्स मार्यूनने बरणी हुंगली, झाकण घट्ट लावलं,
म्हणाली, हे होडीच्या वल्ह्याला लाव.
आणि दूध तोडू नकोस मनाने,
वाढतं पोर आहे, काट्याचा नायटा करशील.

मग ती स्वयंपाकघरात शिरली
आणि ओट्सचा डबा मागितला.
मला वाटलं, भूक लागली असेल.

हानुसचा जुना सुती मोजा, त्यात मूठभर पीठ,
वर गाठ. कोमट पाण्यात पिळला
की टबात ढग उतरतो.
हाताला नाही, कोपराला विचारायचं पाणी कसं आहे.
दहा मिनिटं. तो अजून खेळायचं म्हणतो,
मी नाही म्हणते, मग दोघं ओले.
पुसायचं नाही, टिपायचं,
आणि अंग दमट असतानाच
वास नसलेलं जाड मलम, दिवाळखोरासारखं सढळ.
आधी वाटायचं, एवढं? आता महिन्याला दोन डबे.

लॅव्हेंडरचा साबण शेजारी दिला.
हीटर दोन खुणा खाली. आम्ही कुडकुडतो, तो झोपतो.
नखं तो झोपेत असताना कापते, एकेक,
श्वास धरून, चोरासारखी.

तरी फेब्रुवारीत एकदा पेटलंच.
घोट्यांतून पाणी, उशीवर रक्ताचे ठिपके.
ओट्सचा ढग कमी पडला.
डॉक्टरांची छोटी ट्यूब मी महिनाभर
फडताळात मागे लपवून ठेवली होती,
शरमेने, की माझ्या हातून होत नाही म्हणून.
मार्यून काही बोलली नाही. झाकण उघडून
माझ्या बोटाच्या टोकावर एक रेघ काढली.
एवढंच, म्हणाली, इथे, इतके दिवस.
पाचव्या रात्री घरात फक्त वारा ऐकू आला.

आता कळपातून येते तेव्हा
दाराबाहेरच स्वेटर काढते,
पावसात, सुती सदऱ्यावर, दात वाजत.
हात दोनदा धुते. तो काचेला नाक लावून उभा,
मी उघडी पडत जाते तशी टाळ्या वाजवतो.
आई म्हणजे थंडगार काहीतरी,
असं त्याला आयुष्यभर वाटणार कदाचित.

एप्रिलच्या शेवटी एका मेंढीने कोकरू नाकारलं.
थरथरत होतं खळ्यात, नाळही सुकली नव्हती.
मी माळ्यावरून स्वेटर आणला.
पुढच्या पायांना बाह्या बरोबर बसल्या,
तीच ती न जमलेली बाही.

बार्ताल कुंपणापलीकडून बघत होता,
सुती कपड्यांत, गुबगुबीत, बोटं तोंडात.
खाजवत नव्हता.
मी मोजत होते.
तेवढ्यात कोकराने मान वळवली
आणि गळ्यापाशी मागच्या खुराने
खर्र खर्र.
तो हसत सुटला.