सासूबाईंचं वजन

तीन चाकांचं हे लाल धूड
मामंजींनी देवळाली कॅम्पातल्या लिलावातून आणलं
तेव्हा मी या घरात नव्हते.
पुढे एक फुगीर टायर, मागे दोन,
द्राक्षाच्या ओळीत घुसतं, चिखलात रुतत नाही,
वळताना मात्र हट्ट करतं:
मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला बांधलेली,
एकाला हळू जायचं असेल तरी दुसरं जाऊ देत नाही.

महिनाभर चेन गार्डवर आपटत होती.
खड, खडखड, खड.
गिरणाऱ्याच्या चौकात चहावाला
न बघताच म्हणायचा, आले थेटे.

आज मामंजी पिंपळगावला.
सतरा नंबरचा पाना फळीखाली मिळाला,
बारा नंबरचा कोंबड्यांच्या खुराड्यात,
तो तिथे कसा, ते विचारू नका.
सातपूरच्या रौफ मिस्त्रींना फोन लावून
मोबाईल क्रेटवर उभा केला.

"आधी रॉकेलनं धू. मळासकट मोजशील
तर ते मळाचं माप."
धुतली. क्लिप बघितली,
बंद तोंड पुढे, चालण्याच्या दिशेला. बरोबर.
"आता मागचं उचलून चाक फिरव, सावकाश.
सगळीकडे सारखी नसते ती.
जिथे सगळ्यात ताठ, तिथे थांब."
थांबले. मागचे बोल्ट सैल केले,
अ‍ॅडजस्टर फिरवला, अंगठ्यानं दाबून बघितलं.
दीड बोट. खूश झाले.
"खूश नको होऊस. खाली ठेव
आणि वर कुणाला तरी बसव.
रिकाम्या गाडीचं माप घेऊन काय करणार?"

मजूर वरच्या प्लॉटवर, हे नाशकात बँकेत.
शेडमध्ये सासूबाई,
हातात बारीक कात्री, मांडीपुढे घड.
"आई, जरा यावर बसता?"
"मी?"
कात्री ठेवली. हात पदराला पुसले.
चोवीस वर्षं ज्यावर नुसता कापूस-फडकं मारलं
त्यावर काष्टा आवरून बसल्या,
एका अंगाला पाय सोडून नाही,
दोन्हीकडे टाकून, सरळ.

शॉक दबले. चेन तारेसारखी ताणली.
अंगठा टेकवला तर हलेचना.
म्हणजे मघाचं माझं दीड बोट
माणूस बसताच खलास.

"किलो किती, विचार," फोन बोलला.
"सांग त्याला, बासष्ट. चपलांसकट."
अर्धा फेरा मागे घेतला. मग अजून पाव.
"आई, हलू नका."
"हलत नाही गं. श्वास घेतेय."

बोल्ट आवळले. पुन्हा बघितलं. पुन्हा आवळले.
"झालं. उतरा."
उतरल्या नाहीत.
हँडलवर द्राक्षानं चिकट झालेली बोटं,
"ब्रेक कुठला?"
दाखवला.
"आणि हे अंगठ्याशी?"
"तो गॅस. हळूच. आणि काही झालं तरी
पाय खाली टेकू नका, मागचं चाक चढतं पायावर."
"ठाऊक आहे. चढलंय त्यांच्या,
तेव्हा हळद मीच लावली."

निघाल्या.
ओळीच्या टोकापर्यंत, काश्यपीच्या बाजूला,
वर झाकलेले कागद, मधे निळं लुगडं,
आणि खडखड नाही,
नुसती एक बारीक सर्र, शिवणयंत्रासारखी.
टोकाला वाटलं, आता अडतील.
त्यांनी भार बाहेरच्या पायावर घेतला,
आतलं चाक हलकं केलं
आणि वळल्या.
हे मी सांगितलं नव्हतं. रौफभाईंनीही नाही.
शेडमधून ती वळणं रोज दिसतात.

संध्याकाळी मामंजी आले, गाडी काढली,
मोटारीपर्यंत जाऊन परत आले,
इंजिन बंद केलं, कान दिला.
"चेनीचा आवाज कुठे गेला?"
मी डबे धूत होते.
"काय की," सासूबाई म्हणाल्या,
घड उजेडाकडे फिरवला,
एक कुजका मणी कापला.
टिनाच्या डब्यात टप्प.