अंगठ्याएवढे पेले

चिटणीस म्हणून माझं नाव
मंडळीच्या फळ्यावर नुकतंच लागलं होतं,
आणि उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी
नम्रतेवर मी वीस मिनिटं बोललो.
लोकांनी हात मिळवले.

मागे, पाळकांच्या खोलीशेजारी,
शिप्राबाई प्रभुभोजनाचे पेले धूत होत्या.
नाव बायबलातल्या सुईणीचं
की उज्जैनकडच्या नदीचं,
सतरा वर्षांत मी विचारलं नव्हतं.

इंदुरात नर्मदेचा नळ एक दिवसाआड,
आज कोरडा.
म्हणून रिक्षातून मांडीवर आणलेली कळशी,
अंगठ्याएवढे पेले,
प्रत्येकाच्या तळाशी द्राक्षरसाचं चिकट कडं.

मी बाह्या सरसावल्या.
"आधी हात धुवा, सेक्रेटरीसाहेब,"
त्या म्हणाल्या, आणि कळशी वाकवली.
बोटांवर अजून हस्तांदोलनांचा घाम होता.
तो मोरीकडे निघाला,
जपून आणलेल्या पाण्यातलं
अर्धं भांडं घेऊन.

नऊ पेले पुसले मी.
बाहेर कुणीतरी मला हाक मारत होतं.
त्यांतले दोन त्यांनी
खिडकीच्या उजेडात धरून पाहिले,
आणि काही न बोलता
पुन्हा पाण्यात सोडले.