हा-हा

तिकीट चौदा पौंड, साठीपुढच्यांना बारा.
बाबांनी नाणी मोजून दिली, एकेक,
पावती टोपीच्या अस्तरात खोचली
आणि पायरीवर बूट पुसले. पुसतच राहिले.
"या दारानं पहिल्यांदाच," म्हणाले.

आत मिसेस प्रिडी, गळ्यात नावाची पट्टी,
हातात टॉर्च, कारण पडदे ओढलेले असतात,
उजेडानं रेशीम विटतं.
त्यांनी आम्हांला झुंबर दाखवलं,
घराण्यातल्या कुणा ऑगस्टसची तसबीर, आणि त्याचा कुत्रा
(चित्रकाराचा जीव कुत्र्यावर जास्त, हे उघड होतं),
बावीस जणांचं टेबल, वर मेणाची डाळिंबं.
बाबा मान डोलावत होते
लग्नात कुणाशीच ओळख नसलेल्या पाहुण्यासारखी.

मग दक्षिणेची खिडकी.
"आता सांगा," मिसेस प्रिडी आवाज उतरवून म्हणाल्या,
"बाग कुठे संपते आणि रान कुठे लागतं?"
सांगता येईना.
हिरवळ उतरत गेली होती थेट मेंढ्यांपर्यंत,
मेंढ्यांपासून खणून आणलेल्या तळ्यापर्यंत,
तळ्यापलीकडे मुद्दाम एकटा ठेवलेला ओक.
कुंपण नाही, भिंत नाही, फाटक नाही,
तरी एकही मेंढी अलीकडे येत नव्हती,
चांगल्या घरचं वळण लागल्यासारखी.
"मध्ये चर आहे. इथून दिसू नये असाच खणलेला.
त्याचं नाव हा-हा.
अचानक पायाशी आला की माणूस तसा ओरडतो, म्हणून!"
सगळे हसले. मीही हसले.
वळून पाहते तर बाबा नाहीत.

काचेपलीकडे ते उतारावरून निघाले होते,
काठी, बाक आलेली पाठ.
काठाशी पोचले, थोडे डावीकडे सरकले,
गवतात काहीतरी पायानं चाचपलं,
मग नुसती पाठ,
मग खांदे,
मग टोपी,
मग हिरवळ.
अखंड. नकाशा काढणाऱ्याला हवी होती अगदी तशी.

मी धावले.

गवताखाली तीन पायऱ्या होत्या, कामकऱ्यांसाठी.
खाली ओल, नेचे, मेंढीच्या लोकरीचा पुंजका,
आणि घराकडे पाठ करून उभा असलेला गडगा,
चुना नाही, माती नाही, दगडाला दगडाचाच धीर.
अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात तो ढासळला होता.
बाबा आणि ऑसी ग्रिमशॉ, सात आठवडे, तीस यार्ड.
हुकूम एकच: न्याहरीच्या वेळी डोकं वर काढायचं नाही,
खिडकीतून दिसतं.
ऑसीनं एकदा फावड्यावर टोपी ठेवून नाचवली.
दोघांचीही दिवसाची मजुरी कापली गेली.
हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा बोटांनी वाचत चालले होते.
"हा," म्हणाले.
मग दोन पावलं पुढे, "हा."
"हा नव्हे, यात सिमेंट कोंबलंय कुणीतरी.
हा ऑसीचा, डावखुरा होता, त्याचे जरा कलतात.
हा.
हा."
मेंढ्या चरायच्या थांबून बघत होत्या.
ऑसी कुठे असतो आता, हे मी विचारलं नाही.
त्याच्या दगडावर बाबांचा हात जरा जास्त वेळ राहिला,
त्यावरून कळलं.

मग त्यांनी काठीच्या टोकावर टोपी ठेवली
आणि वर धरली.
नाचवली नाही. नुसती धरून ठेवली,
दुखरा खांदा थरथरेपर्यंत.
पावती गवतात पडली. ती मी उचलली.
घरातून कुणी पाहिलं की नाही, कोण जाणे.
न्याहरीची वेळ केव्हाच टळून गेली होती.

नंतर तबेल्यातल्या कॅफेत चहा. स्कोन कोरडे.
दाराशी अभिप्रायाची वही, दोरीला बांधलेलं पेन.
आमच्या वर लीड्सच्या कुणी लिहिलं होतं, अप्रतिम,
त्याच्याही वर कुणी, डाळिंबं खरी वाटली.
बाबांनी चष्मा शोधला, ओळ जपून लिहिली:

गडगा ठीक आहे. पूर्वेच्या टोकाला
पोट सुटायला लागलंय.
थंडीच्या आत कुणाला तरी बघायला सांगा.
एडविन रॅस्ट्रिक.