उणे ऐंशी

संमतीपत्राचं मराठी पहिल्या वर्षी मीच केलं.
मग कर्वेनगरच्या एका बाईंनी मूळ न बघता
ते परत इंग्रजीत नेलं.
दोन्ही इंग्रज्या शेजारी ठेवून
तिकडच्या विद्यापीठाच्या समितीनं विचारलं,
‘जोखीम’ची ‘भीती’ कुठे झाली?
मी कळवलं : वाटेत.

बुधवारी त्यांची सकाळ आणि आमची रात्र
एका पडद्यावर बसतात.
नोव्हेंबरात ते घड्याळ तासभर मागे घेतात
आणि माझी मुलगी तासभर उशिरा जेवते.

डॉक्टर नाकाटो कंपालाहून आली, तीन महिने शिकायला.
पहिल्या आठवड्यात शिकली : खोकला किती दिवस?
दुसऱ्यात : घरी कोण कोण?
पण पेशंटसमोर बसताना
वारा आपल्या पाठीकडून येईल अशी खुर्ची ओढायची,
हे तिला कुणी शिकवलं नाही.
म्हणाली, आमच्याकडेही खोल्या अशाच आहेत,
एक खिडकी, सात माणसं.

गजराबाई खुडे मार्केट यार्डात कांदा निवडायची.
अकरा पानं मी तिला वाचून दाखवली,
साक्षीला रांगेतला एक रिक्षावाला.
पान नऊ : माझा नमुना साठवावा, परदेशी पाठवावा.
‘पाठव की. रक्ताला काय व्हिसा लागतोय?’
लागतो, बाई.
सात महिने फाईल दिल्लीत होती.
तोवर तू नव्हतीस.

निबंध छापून आला. सव्वीस नावं, माझं एकोणिसावं.
आकृती तीनमध्ये एक रेघ
पायरी पायरीनं खाली उतरते.
नाकाटोचा फोन आला, अभिनंदन म्हणाली.
मी तेव्हा चौथ्या पायरीवर बोट ठेवून होते.
तिथे नाव नसतं. नंबरही नसतो.
पण ऑगस्ट कुठला, ते मला माहीत आहे.

दोन वर्षांनी तिचा मुलगा आला, संदीपान.
हमालीचा पट्टा खांद्यावर तसाच.
‘आईचं तुमच्याकडे काहीतरी आहे म्हणतात.’
पान दहा मला पाठ आहे :
माघार घेता येते,
नष्ट करून मागता येतं,
परत देता येत नाही.
तो म्हणाला, परत नको. बघू द्या.

दाराच्या काचेतून फ्रीजर दाखवला.
पांढरं कपाट, त्यावर लाल आकडा.
‘केवढी असंल?’
मी करंगळीचं पेर दाखवलं.
त्यातलीही निम्मी तिकडे, म्हटलं.
‘तिकडं लई थंडी असती म्हणं?’
असते. पण हिच्यासाठी दोन्हीकडे सारखीच.
बराच वेळ काचेवर त्याच्या श्वासाचा डाग
मोठा होत राहिला, आटत राहिला.
मास्क लाव, असं सांगायचं मी विसरले.

जाता जाता दारातून वळला :
‘आन् लाईट गेली तर?’

जनरेटर आहे.
तो बंद पडला तर माझ्या फोनवर घंटा वाजते,
रात्री दोनला वाजली तरी मी येते.
त्यानं माझा नंबर घेतला.

आता गुरुवारी दुपारी, आमची लाईट गेली की,
त्याचा मिस्ड कॉल येतो.
मी खाली जाते, आकडा बघते,
आणि उलट मिस्ड कॉल देते.
एक रिंग. म्हणजे
चालू आहे.