लवंग जास्त झाली

सोपं सांग, मावशी, म्हणतेस फोनवर.
अकरा माणसं, दोन दिवस, आणि टोरांटोचं ते
काडेपेटीएवढं स्वयंपाकघर.
बरं. लिहून घे. पेन आहे ना?

इथे लोपिनोत बाजार लाल झालाय.
अंबाडीच्या बोंडांचे ढीग, वर गोणपाट,
आणि ती मर्सेलीन ओरडतेय, सॉरल, सॉरल,
जणू कुणाला दिसतच नाहीत.
तुमच्याकडे वाळलेली मिळतात, पाकिटातली.
चालतील. मूठभर कमी घे.

ताजी असतील तर एकेक बोंड धरून आतलं बी काढायचं.
नखं आठवडाभर जांभळी राहतात.
पोस्टात होते तेव्हा याच बोटांनी शिक्के मारायचे,
लोक पाकीट फोडायच्या आधी हुंगायचे.

पाणी उकळलं की आच बंद.
मग बोंडं, ठेचलेलं आलं, दालचिनीची काडी,
संत्र्याची साल. पांढरं घेऊ नकोस, कडवटपणा तिथेच असतो.
लवंगा सहा.
सहाच.
झाकण ठेव आणि रात्रभर विसरून जा.
कृतीतला अवघड भाग एवढाच,
मला अजून जमत नाही.

खायला?
हरभरे भिजव, कोरडे पूस, अगदी कोरडे,
नाहीतर तेल अंगावर येतं. तळून मीठ, मिरची.
कच्च्या केळ्याचे काप, कागदासारखे.
अननसाच्या फोडींना लिंबू, लसूण, हिरवी मिरची
आणि शॅडो बेनीची पानं, हातानं फाडून.
नाही मिळाली तर कोथिंबीर घाल, तिची भित्री बहीण.
रामधनींच्या सुनेनं कुर्मा पाठवलाय डबाभर;
माझ्या दातांवर तिचा भारी विश्वास.

हो, ती गोष्ट. सांगते. बिल तुझं येतंय पण.

गेल्या वर्षी मी दिवे मालवून पडले होते.
परांगवाले येणार हे ठाऊक होतं,
आणि त्यांच्यात एव्हारिस्तो असणार, हेही.
तीन वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
त्याच्या निरफणसाची फांदी माझ्या पत्र्यावर पडली
आणि तो म्हणाला, पत्रा मध्ये आला.

रात्री एकला अंगणात क्वात्रो वाजलं.
शॅक-शॅक, चार म्हातारे आवाज,
ते जुनं स्पॅनिश, ज्यातलं अर्धं गाणाऱ्यांनाही कळत नाही.
दार उघडेपर्यंत गायचं, ही रीत.
मी झोपलेय असं त्यांना वाटलं असतं,
पण माझ्या खिडक्यांतून अंबाडीचा वास
चहाडी करायला बाहेर गेला होता.

उघडलं.
दारात गायलेल्या प्रत्येकाला ग्लास द्यावा लागतो,
एकाला गाळून चालत नाही.
त्यानं ग्लास दिव्यापुढे धरला, लाल पाहिलं,
घोट घेतला, जिभेवर फिरवला.
लवंग जास्त झाली, म्हणाला.
तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

सहाच आहेत.
मोज.

मग काय, रात्री दीड वाजता चोथा ताटात पसरून
आम्ही दोघं चष्मे लावून बसलो.
बाकीचे हरभरे खात होते, पैजा लावत होते.
आठ निघाल्या.
एक फुटकी होती, ती मी धरत नव्हते,
तो धरत होता.
त्यावर वाद झाला, उजाडेपर्यंत पुरला.

पत्रा त्यानं जानेवारीत बसवून दिला. वाकडा.

रम शेवटी, गाळून झाल्यावर, आणि पाहुण्यांचे चेहरे बघून.
टेबलावर पांढरं कापड घालू नकोस,
अंबाडीचा डाग जात नाही.
माझ्या कापडावर एक गोल आहे ग्लासाच्या बुडाएवढा;
घासला, उन्हात टाकला,
आता त्यावर केळ्याच्या कापांची बशी ठेवते
आणि कुणी ती सरकवली की मला राग येतो.

काय? लवंगा?
सहा. सांगितलं ना.
माझ्या पातेल्याचं तुला काय करायचंय?