एकावर एक शून्य

नागपूर सोडताना जिचकार सिस्टरनं
माझ्याच हातून तीनदा करवून घेतलं.
चौथ्यांदा म्हणाली, वनमालाबाई, आता करू नका,
डोळे मिटून नुसतं बोलून दाखवा.

बोलले.
साबण कोपरापर्यंत.
नळीचं तोंड स्पिरिटनं घासायचं,
राखेनं गुंडाची कड घासतो तसं, कोना न कोना,
आणि वाळू द्यायचं. फुंकायचं नाही.
आधी मिठाचं पाणी, मग ते औषध,
रक्ताला साकळू न देणारं.
ढकल, थांब. ढकल, थांब.
शेवटचा थेंब जायच्या आत चिमटा.
आणि अडलं तर?
अडलं तर जोर नाही. फोन.

नळी प्रांजूच्या छातीतून निघते.
आत कुठं संपते, मी विचारलं होतं.
सिस्टरनं जिथं बोट ठेवलं
तिथं मी पोरीला थोपटते तेव्हा
अजून हात हलका पडतो.

पेटी संपली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी.
नागभीडला पडगिलवारच्या मेडिकलात
एकच पोऱ्या होता, तोरणाच्या घाईत.
चिठ्ठी पाहिली, बाटली ठेवली.
तेच नाव. तसंच निळं झाकण.
"हेच आहे बाई, घ्या, कंपनी दुसरी."

मी तेंदूच्या फडावर बारा उन्हाळे काढले.
सत्तर पानांचा पुडा, शंभर पुड्यांचा शेकडा,
आणि मुंशी शेकड्यातले चार खातो तेव्हा
वर बघत नाही, वहीत बघतो.
सातवी नापास मी,
पण आकड्याजवळ माझी नजर आपोआप थांबते.

रिकामी बाटली मी पदरात बांधून नेली होती.
दोन्ही उन्हात धरल्या.
आमच्या बाटलीवर एकावर एक शून्य.
त्याच्या बाटलीवर पाचावर
तीन.

भाऊ, म्हटलं, हे शून्य मोज.
"बाई, औषध एकच असते."
मीठही एकच असते, म्हटलं,
भाजीत चिमूट घालतो का पायली, ते सांग.
मागं रांगेतलं कोणीतरी हसलं.
मी नाही हसले. माझ्या गुडघ्यातून
एसटीचं इंजिन बंद पडल्यावर राहते
तशी थरथर जात नव्हती.

बाहेर बैलांच्या झुली विकायला होत्या.
त्यांच्याजवळ बसून फोन लावला.
सिस्टर बराच वेळ काहीच बोलली नाही.
मग म्हणाली, ती बाटली घरात नेऊ नका. उद्या सकाळपर्यंत चालेल.
अंदाजानं पाणी घालून पातळ करू नका, कोणी सांगितलं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीच्या कंडक्टरनं,
वाढई नाव त्याचं,
तिकिटाच्या पेटीतून पुडकं काढून दिलं.
पैसे घेतले नाहीत. पोरगी कशी आहे, एवढं विचारलं.
मी तिथंच, फाट्यावर, पुडकं फोडून वाचलं.
एकावर एक शून्य. तारीख पुढच्या वर्षाची.
घरी येऊन पुन्हा वाचलं.
प्रांजूच्या बाबाला वाचायला लावलं, मोठ्यानं.

साबण. स्पिरिट. वाळू दिलं.
मिठाचं पाणी लावलं, अंगठा टेकवला,
जाईना.
दुसऱ्यांदा टेकवला. जाईना.
घरात कोणी बोलेना, गोठ्यातली घंटी तेवढी.
जोर नाही, जोर नाही, मी मनातल्या मनात,
आणि अंगठा तर माझा तेंदूवालीचा,
गाठी आवळून आवळून दगड झालेला.
फोनकडे हात गेला तेव्हा
मान खाली घालून प्रांजू म्हणाली,
"आई, चिमटा कोण उघडन?"

सहा वर्षांची आहे.
केस अजून आले नाहीत, भुवया येताहेत.

उघडला. गेलं.
ढकल, थांब.
थांबायच्या वेळी ती माझ्याबरोबर श्वास धरते,
असं कोणी तिला शिकवलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा.
फ्रॉकच्या आत नळी चिकटवून, वरून ओढणी बांधून
ती लाकडी नंदी घेऊन निघाली.
नंदीच्या दोन्ही शिंगांवर
सिरिंजची दोन टोपणं.
"प्रांजे, हे कायले?"
कोणीतरी विचारलं.
"त्याले लागू नये म्हनून," म्हणाली,
आणि दोरी सैल धरून
वळणावर हळू केलं.